लेकरांसकट निवारा

डिसेंबर २०२४मध्ये पुण्याजवळ वाघोलीत, केसनंद फाट्यावर मध्यरात्रीनंतर एक डंपर फुटपाथवर चढला. अमरावतीकडून कामासाठी आलेली मजूर कुटुंबं तिथे झोपली होती. तिघं गेली, त्यांतली दोन अगदी लहान लेकरं. दारू प्यायलेल्या चालकाला अटक झाली, बातमी काही दिवस चालली. एवढाल्या पोरांना घेऊन आई-बाप थंडीत रस्त्याच्या कडेला का झोपले होते, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

बेघर म्हटलं की आपल्याला एकटा, भणंग पुरुष आठवतो. मुंबईच्या फुटपाथवर आणि पुलांखाली अख्खे संसार आहेत. चूल आहे, हंडे आहेत, सासू-सुना आहेत, तान्ही मुलं आहेत. कित्येक ठिकाणी तिसरी पिढी वाढते आहे. २०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली, तेव्हा देशात पावणेअठरा लाख आणि मुंबईत सुमारे ५७ हजार माणसं भरली. एका रात्रीच्या मोजणीत किती जण सुटले असतील, याची कल्पना कुणालाही यावी.

दादरजवळच्या एका पुलाखाली काही पारधी कुटुंबं राहतात. रात्री गजरे ओवायचे, दिवसा सिग्नलला विकायचे. तिथली चौथीतली एक मुलगी वह्या-पुस्तकं खताच्या गोणीत भरते आणि गोणी पुलाच्या खांबाच्या वरच्या खाचेत कोंबून ठेवते. शाळेतून मिळालेलं दप्तर होतं तिच्याकडे. पालिकेची अतिक्रमण हटवणारी गाडी आली तेव्हा भांडी, गोधड्या आणि आधार कार्डाच्या पिशवीबरोबर तेही गेलं. ‘गाडी आली की पयलं ल्हान पोर उचलायचं, मंग कागद, मंग भांडी,’ तिची आई मला सांगत होती. ‘दप्तराचं ध्यान कुठनं ऱ्हाणार, ताई?’ दप्तर नाही, गणवेश नाही, म्हणून मुलगी शाळेत गेली नाही. वयाचा दाखला नसला तरी मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, असं २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. पण प्रवेश मिळालेलं मूल शाळेत टिकायचं, तर त्याची वही उद्याही जागेवर असायला हवी.

आणि झोप. मध्यरात्र उलटेपर्यंत गाड्यांचे दिवे डोळ्यांवर, कानाशी हॉर्न. उजाडलं की रहदारी सुरू व्हायच्या आत अंथरुणं गुंडाळायची. डास, उंदीर, पावसाळ्यात खालून येणारं पाणी. असं मूल वर्गात पेंगलं की बाईंच्या लेखी ते आळशी ठरतं. चिडकं झालं, मारामारी करायला लागलं, की वाया गेलेलं. मुलींचे हाल आणखी वेगळे. शौचालयाला पैसे पडतात, रात्री ते बंद होतं, म्हणून संध्याकाळपासून त्या पाणीच पीत नाहीत. वयात आलेल्या मुलीची राखण आई रात्र-रात्र जागून करते. किती वर्षं करणार? मग सोळाव्या वर्षी लग्न लावून दिलं जातं. ते चूकच आहे, पण त्या आईला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही.

सरकारी कागदावर हे कुटुंब एक राहतच नाही. २०१५चा बाल न्याय कायदा घर आणि उदरनिर्वाहाचं साधन नसलेल्या मुलाला ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ मानतो. मूल बालकल्याण समितीपुढे, तिथून बालगृहात जाऊ शकतं. त्याच मुलाचे आई-बाप पालिकेच्या लेखी अतिक्रमण करणारे. मूल वाचवायचं आणि आई-बापांना हुसकावायचं, असा हा कारभार. याच कायद्यात मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्था हा शेवटचा पर्याय, असंही लिहिलेलं आहे. तो भाग अंमलात आणायचा तर कुटुंबाला छप्पर द्यावं लागेल. बालगृहं नकोत असं माझं म्हणणं नाही. मारहाणीतून, विक्रीतून सुटलेल्या मुलांना ती हवीतच. पण ज्या मुलाला माया करणारी आई आहे आणि फक्त घर नाही, त्याच्यापासून आईही काढून घेणं हा अन्याय आहे.

ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा चालते. समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिकेने मुलं जिथे होती तिथेच ती उभी केली, म्हणून मुलं आली आणि टिकली. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण शाळा सुटल्यावर मूल जातं कुठे, याचं उत्तर शाळेने द्यायचं नसतं.

ते शहराने द्यायचं आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष लाख वस्तीमागे शंभर जणांचा एक कायमस्वरूपी निवारा असा होता. २०११च्या लोकसंख्येने मुंबईला असे सव्वाशेच्या घरात निवारे लागतात. प्रत्यक्षात आपण त्याच्या जवळपासही नाही, आणि नवरा-बायको-मुलं एकत्र राहू शकतील असे तर फारच थोडे. कुठे फक्त पुरुष, कुठे फक्त मुलं. दहा वर्षांच्या मुलाला एकीकडे आणि आईला दुसरीकडे पाठवणाऱ्या निवाऱ्यात कुटुंब जात नाही, आणि मग अधिकारी सांगतात की या लोकांना रस्त्यावरच राहायचं असतं. शहराबाहेर दिलेली जागाही अशीच नाकारली जाते, कारण गजरा दादरला विकला जातो. १९८५च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेला जगण्याच्या हक्कात धरलं ते याच मुद्द्यावर. फुटपाथ मोकळे करायला त्या निकालाने मनाई केली नाही, पण पावसाळा सरेपर्यंत थांबायला लावलं होतं.

पट घटल्यामुळे पालिकेच्या ज्या शाळांमध्ये खोल्या रिकाम्या पडून आहेत, त्यांतल्या काही येत्या पावसाळ्याआधी त्याच भागातल्या कुटुंबांना द्याव्यात. कायमचे निवारे होईपर्यंत, आई-बाप-मुलं एकत्र, शौचालय आणि सामान ठेवायला कुलपाच्या पेट्यांसह. किल्ली कुणाकडे, वीजबिल कुणाचं, हे वॉर्ड ऑफिसातल्या एका बैठकीत ठरू शकतं. आणि तेवढंही जमेपर्यंत, शाळेचं वर्ष चालू असताना मुलं राहतात तिथे गाडी पाठवू नये. पाठवलीच, तर उचललेली दप्तरं आणि कागद त्याच दिवशी परत करावेत.