एकाच पानावर दोन मुनीम

दुकान आणि गोदामाचा हिसाब आभासी संगणकात, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या संगणकात, ठेवणाऱ्या व्यापारी बांधवांना आमचे एक सांगणे आहे. त्याची अख्खी डिस्क म्हणजे एक फाइल. ती नेटवर्कवर ठेवून दोन्हीकडून एकदम चालू केली, तर फाइलच बिघडते. दोन मुनीम एकाच पानावर न विचारता लिहू लागले, तर उधारी कोणाकडून वसूल करणार? क्यूईएमयू या प्रणालीत २०१७ पासून अशा फाइलला कुलूप लागते. पण नेटवर्कवरच्या साठ्यानेही ते मानले पाहिजे ना! मूळ फाइल फक्त वाचायला ठेवून प्रत्येकाचे बदल वेगळ्या फाइलीत घेता येतात, पण दोन खात्यांचा मेळ तेथे आपोआप बसत नाही. त्यापेक्षा आभासी संगणक एकाच जागी चालवावा आणि गोदामातल्या माणसाने नेटवर्कवरून त्यातच नोंद करावी, असे आमचे मत आहे. फाइलची नक्कल मात्र रात्री, तो बंद करूनच घ्यावी.