नळदुर्गचा टेलर, ठगांच्या जबान्या आणि आपला भाबडेपणा

१/ नळदुर्गच्या किल्ल्यात गेलेला माणूस बोरी नदीवरचा पाणीमहाल आणि नर-मादी धबधबा पाहून येतो, छायाचित्रे टाकतो आणि खाली एक ओळ जोडतो : ‘ठगांचा कर्दनकाळ कर्नल मेडोज टेलर येथे राहत असे.’ राहत असे, हे खरे. कर्दनकाळ हे बिरुद मात्र खोटे आहे, आणि ते खोटे निरुपद्रवी नाही. म्हणून हा धागा.

२/ टेलरचा जन्म १८०८ चा, लिव्हरपूलचा. कोवळ्या वयात तो मुंबईच्या एका व्यापारी पेढीत नोकरीसाठी आला. पेढीची अवस्था बिकट निघाली, तेव्हा १८२४ मध्ये तो निजामाच्या फौजेत अधिकारी झाला. भाषा झपाट्याने शिकला, म्हणून पोलिसी कामावर नेमला गेला. पण थोड्याच काळात त्याला पलटणीत परतावे लागले. आपण तेथेच राहिलो असतो तर ठगीचा शोध आपल्या नावावर लागला असता, ही हळहळ त्याने आत्मचरित्रात नोंदवली आहे. श्रेय स्लीमनला गेले. टेलरच्या वाट्याला आले ते हैदराबादेत पकडलेल्या ठगांच्या जबान्या उतरवून घेण्याचे काम. त्यातून १८३९ साली ठगाच्या कबुलीजबाबाची ती गाजलेली कादंबरी निघाली.

३/ नळदुर्गला तो आला १८५३ मध्ये, निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे लावून दिल्यानंतर. कादंबरी छापून तेव्हा चौदा वर्षे लोटली होती. १८५७ पर्यंतच्या मुक्कामातले त्याचे मुख्य काम होते जमिनीची मोजणी, सारा आणि रस्ते. ते काम त्याने मन लावून केले, हे मान्य करायला मला काहीच संकोच नाही.

४/ आता मूळ आक्षेप. ठगांविषयी आपण जे ‘जाणतो’, त्यातले बहुतेक माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून आलेले आहे. फाशीचा दोर समोर आणि सुटकेची वाट एकच : साहेबाला हवी ती हकीकत सांगणे, आणखी नावे देणे. १८३६ च्या कायद्याने तर अमुक खून सिद्ध करण्याची गरजच संपवली; ठगांच्या टोळीत होता एवढे ठरले की जन्मठेप. अशा जबानीवर आज एखादे न्यायालय किती विश्वास ठेवील? आपण मात्र ती इतिहास म्हणून वाटत सुटतो.

५/ उदाहरण बेहरामचे. ‘९३१ खून करणारा ठग’ म्हणून त्याची चित्रफीत दर महिन्याला नव्याने फिरते. पेटन या अधिकाऱ्याच्या टिपणांत तो सांगतो ते असे, की इतक्या खुनांच्या वेळी आपण हजर होतो. स्वतःच्या हाताने केलेले सुमारे सव्वाशे. हाही आकडा त्याच्याच तोंडचा! आणि ठग भवानीचे भक्त होते म्हणून तुळजापूरकडे बोट दाखवणाऱ्यांना काय म्हणावे? भवानीची भक्ती हा पुरावा धरला, तर निम्मा महाराष्ट्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करावा लागेल.

६/ हेरखात्याचे दप्तर किती फसवे असते, हे पाहण्यासाठी क्षणभर जर्मनीत जाऊ. राइनहार्ट गेलेन हा मूळचा तोफखान्याचा अधिकारी. १९४२ मध्ये तो पूर्व आघाडीवरील लष्करी हेरखात्याचा प्रमुख झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात रशियनांनी स्टालिनग्राडला जो वेढा आवळला, त्याचे नेमके भाकीत त्याच्या खात्याला करता आले नाही. तरीही पराभव दिसू लागताच त्याने दप्तराच्या सूक्ष्मफिती आल्प्सच्या डोंगरात पुरून ठेवल्या, १९४५ मध्ये अमेरिकनांशी त्यांचा सौदा केला, आणि १९५६ ते १९६८ तो पश्चिम जर्मनीच्या गुप्तचर खात्याचा प्रमुख राहिला. १९७१ च्या आठवणींत त्याने ठोकून दिले की हिटलरचा सचिव बोरमान हा रशियाचा हेर होता आणि युद्धानंतर तिकडेच राहिला. पुढच्याच वर्षी बोरमानचा सांगाडा बर्लिनमध्ये सापडला. तो १९४५ च्या मे महिन्यातच मेला होता.

७/ टेलर म्हणजे गेलेन, असे मी म्हणत नाही. टेलरला या प्रदेशाविषयी जिव्हाळा होता. त्याच्या १८६३ च्या ‘तारा’ या कादंबरीची नायिका तुळजापूरची आहे. वाटमारी आणि खून त्या काळी होत होते, हेही निर्विवाद. साम्य एवढेच की दोघांचीही कीर्ती त्यांच्या दप्तरावर उभी आहे, आणि ते दप्तर तपासण्याची तसदी वाचकांनी क्वचितच घेतली.

८/ तसदी का घ्यावी? कारण ‘गुन्हा रक्तात असतो’ ही ठगीच्या दप्तरात पोसलेली कल्पना १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात उतरली. धाराशिवपासून हाकेच्या अंतरावर सोलापूरला सेटलमेंट उभी राहिली. तारेच्या कुंपणाआड माणसे, आणि दिवसातून ठरल्या वेळी हजेरी. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. गावात चोरी झाली की पारध्यांच्या पालावर पहिली धाड पडते, ती आजही.

९/ नळदुर्गच्या छायाचित्राखाली ती ओळ पुन्हा लिहिण्याआधी लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ वाचा. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले हे आत्मकथन आहे, आणि लेखकाचे धनेगाव त्यांच्या बालपणी उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. लातूर वेगळा झाला तो १९८२ मध्ये. ही जबानी कोणा साहेबाने उतरवून घेतलेली नाही.