अंड्यात पाणी घालता येत नाही

उत्तर प्रदेशातल्या सरकारी शाळांत बुधवार हा दुधाचा वार. लखनौच्या सचिवालयाने ठरवलेल्या मध्यान्ह भोजनाच्या यादीत २०१५ पासून बुधवारी दूध आहे, २०१६ पासून सोमवारी फळ आहे. कागद वाचला तर पोट भरते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सोनभद्र जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेचा व्हिडिओ बाहेर आला. एक लिटर दूध बादलीभर पाण्यात ओतले गेले आणि ते ८१ मुलांना वाटले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शेजारच्या मिर्झापूर जिल्ह्यात मुले मीठ लावून पोळी खाताना दिसली होती. ते चित्रीकरण करणाऱ्या पत्रकारावरच गुन्हा नोंदवला गेला.

दोन्ही वेळा शिक्षक निलंबित झाले, चर्चा भ्रष्टाचाराची झाली. कोणी एक साधा प्रश्न विचारला नाही: या यादीत अंडे का नाही?

दुधात पाणी घालता येते. डाळीत घालता येते, आणि रोज घातले जाते. अंड्यात पाणी घालता येत नाही. ते अर्धे चोरून उरलेले अर्धे ताटात वाढता येत नाही. कवच असल्यामुळे कोणाच्या हाताने शिवले, कोणत्या भांड्यात शिजले हा बाटाबाटीचा खेळही त्याच्याशी नीट खेळता येत नाही. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने, तीही शरीराला लागणाऱ्या सगळ्या आवश्यक अमिनो आम्लांसह. शिवाय बी-१२ आणि मेंदूच्या वाढीला लागणारे कोलिन. तामिळनाडूत मुलांना शाळेच्या आठवड्यातले पाचही दिवस अंडे मिळते. लखनौच्या यादीत ते एकाही दिवशी नाही. आणि हे राज्य काही शाकाहारी नाही. २०१४ च्या सॅम्पल रजिस्ट्रेशन सर्वेक्षणात उत्तर प्रदेशातल्या १५ वर्षांवरच्या निम्म्याहून अधिक लोकांनी आपण मांसाहारी असल्याचे सांगितले होते. मग निम्म्याहून कमी लोकांचा सोवळेपणा सगळ्यांच्या लेकरांच्या ताटात कसा येऊन बसला? सरकारी शाळेत कोणाची मुले जातात ते सांगायला नको. यादी करणाऱ्यांची तर नक्कीच जात नाहीत.

महाराष्ट्राने नाक वर करण्याचे कारण नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्याकडे आठवड्यातून एक अंडे, न खाणाऱ्यांना केळे, असा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा निधी शासनाने बंद केला आणि हवे असेल तर लोकसहभागातून जमवा असे शाळांना सांगितले. म्हणजे ज्या मजुराच्या पोराला घरी अंडे मिळत नाही, त्याच मजुराने शाळेत वर्गणी द्यायची!

आता हे शरीरात काय करते ते पाहू, कारण भावना दुखावल्याच्या गदारोळात शरीराचे दुखणे कोणी मोजत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) उत्तर प्रदेशात पाच वर्षांखालची ३९.७ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी निघाली, ६६.४ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी निघाले. महाराष्ट्रात रक्त कमी असलेली मुले ६८.९ टक्के. रक्त कमी म्हणजे नुसते डोळे पांढरे आणि धाप नव्हे. लोह मेंदूलाही लागते. लक्ष लागणे, उत्साह वाटणे यामागे जी रसायने आहेत ती बनवायला ते लागते. पहिल्या दोन वर्षांत लोह कमी पडले तर त्याचा परिणाम पुढे गोळ्या देऊनही पूर्ण भरून येईल याची खात्री नसते. धान्य-भाजीतले लोह शरीर कमी शोषते, त्यावर चहा प्यायला की आणखी कमी. मांसातले लोह जास्त शोषले जाते, आणि सोबतच्या डाळ-भाकरीतल्या लोहालाही ते हात देते. आपल्या आजींच्या चुलीवर शिजणारी रक्ती, वजडी, काळीज ही नाइलाजाची पाककृती होती हे खरे, पण तिनेच आपल्याला जगवले. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये या स्वयंपाकाची नोंद केली नसती, तर मराठी खाद्यसंस्कृती म्हणजे पुरणपोळी आणि अळूवडी एवढाच समज कायम राहिला असता.

बी-१२ ची गोष्ट आणखी बोलकी आहे. हे जीवनसत्त्व निसर्गतः प्राणिज अन्नातच मिळते. ते कमी पडले तर हातापायाला मुंग्या येतात, विसरायला होते, चिडचिड होते, काहींना उदासीने घेरले जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुले यांचा अभ्यास केला. सुमारे दोनतृतीयांश बायकांत बी-१२ कमी आढळले. ज्या आयांत ते फार कमी होते, त्यांची मुले ९ वर्षांची झाल्यावर लक्ष देण्याच्या आणि तात्पुरत्या स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली.

हे वाचून मला माझ्या वर्गातला मागचा बाक आठवला. त्या बाकावरच्या मुलांना गुरुजी ‘मठ्ठ’ म्हणायचे. कधी जातीचे नाव घेऊन, कधी न घेता. पोरगे दहा वाजता पेंगते, पाढा विसरते, फळ्याकडे बघत बसते, आणि त्याला लावलेला शब्द असतो ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’. आडात काय आहे हे कोणी तपासले? पुढे हेच पोरगे नापास झाले की त्याला मेरिट नाही म्हणतात. आधी ताटातून लोह काढून घ्यायचे, मग डोक्यात मेंदू नाही म्हणून हिणवायचे, असा हा दुहेरी व्यवहार आहे.

लखनौ शहरात मी दोन वर्षे शिकायला होते. तिथे म्हशीच्या मांसाला ‘बडे का’ म्हणतात. मटणाच्या तुलनेत फारच स्वस्त, म्हणून रिक्षावाल्याला आणि मजुराला परवडणारे. सकाळची निहारी-कुलचा खाऊन माणूस दुपारपर्यंत ओझे वाहू शकतो. मार्च २०१७ मध्ये नवे सरकार आले आणि बेकायदा कत्तलखाने बंद करण्याची मोहीम सुरू झाली. टुंडे कबाबीच्या दुकानात म्हशीचे मांस मिळेना म्हणून कोंबडी-बकऱ्याचे कबाब विकायची पाळी आली. देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्या कबाबाचे दुःख छापले. खाटीक आणि कुरेशी वस्त्यांतल्या बंद दुकानांचे दुःख त्यामानाने थोडे छापले गेले, आणि रिक्षावाल्याच्या ताटाचे तर छापायचे सुचलेही नाही. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने सरकारला बजावले की खाण्याच्या सवयी जगण्याच्या हक्काशी, घटनेच्या कलम २१ शी जोडलेल्या आहेत. परवाने आणि कत्तलखान्यांची सोय ही सरकारी यंत्रणेची जबाबदारी, ती तिने पार पाडली नाही, तर त्या आळसाच्या आडून बंदी आणता येणार नाही. हा आदेश मराठीत कोणीतरी नीट छापायला हवा होता.

त्याच शहरात खोली शोधताना प्रत्येक दारात एकच प्रश्न यायचा: “बेटा, नॉनवेज तो नहीं खाती हो ना?” त्यापाठोपाठ, “पूरा नाम क्या है?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर कसेही दिले तरी दुसऱ्याने काम होते. शेवटी मिळालेल्या खोलीत मी उकडलेल्या अंड्यांची टरफले वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून, दोन गल्ल्या पलीकडे टाकायला जायचे. रात्री. तेव्हा हसू यायचे, आता येत नाही. आपण खातो ते घाण आहे, पर्यायाने आपण घाण आहोत, हे रोज थोडे थोडे गिळले की त्याचा मनावर काय परिणाम होतो, त्याची रक्तचाचणी निघालेली नाही. शाळेत डबा झाकणाआड खाणाऱ्या मुलांना विचारा.

या लाजेला तत्त्वज्ञानाचा मुलामाही आहे. सात्त्विक आहाराने मन शांत होते, तामसी आहाराने माणूस आळशी आणि क्रूर होतो, असे हल्ली डॉक्टरकीच्या भाषेतही सांगतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळे आणि उष्टे अन्न तामसी लोकांना प्रिय असते असे म्हटले आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात उष्टे अन्न शूद्राला द्यावे असा नियम आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. द्यायचे तुम्ही, आणि खाल्ले म्हणून स्वभावाला तामसी म्हणायचेही तुम्हीच! येसकराच्या पाळीला दारोदार शिळी भाकर घेताना आमच्या पणजोबांना ती ‘प्रिय’ होती की काय?

इथे एक बाण नेमका आपल्यावर उलटवला जातो: बाबासाहेबांनीच तर मांस सोडायला सांगितले होते ना? नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे सोडायला सांगितले, कारण त्यात लाचारी होती. मांस म्हणून मांस पाप आहे, असा तो सल्ला नव्हता. उलट १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी गोमांस आणि अस्पृश्यता यांची गाठ कशी घातली गेली हेच सोडवून दाखवले. लखनौत त्यांच्या नावाचे एवढे मोठे स्मारक आहे, नावाचे विद्यापीठ आहे. त्यांच्या नावाने शाळेत एक उकडलेले अंडे मात्र देववत नाही.

शाकाहारावर निरोगी राहता येते, हे मी नाकारत नाही. दूध, दही, पनीर, दोन वेळा घट्ट वरण, फळे, सुकामेवा, वर गरज पडली तर बी-१२ ची गोळी. एवढे ज्याला परवडते त्याने खुशाल राहावे. पण गरिबाच्या वाट्याला येणारा शाकाहार म्हणजे पाणीदार डाळ, बटाटा आणि मीठ-पोळी असतो. हे दोन्ही एकाच नावाने ओळखले जातात, हीच मोठी फसवणूक आहे. आणि कोणाच्या तोंडात अंडे कोंबा असे कोणीच म्हणत नाही. केळ्याचा पर्याय आहेच. सक्ती आज आहे ती न खाण्याची.

तेव्हा एवढे करा. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे बहुमत असते, तिच्या पुढच्या बैठकीला जा. गेल्या महिन्यात कोणत्या वारी काय शिजले, किती मुलांनी खाल्ले, अंड्याचे पैसे आले की नाही, याची नोंदवही मागा. अंडे शासनाच्या खर्चाने द्यावे असा ठराव लिहून घ्या, सह्या घ्या, त्याची पोच ठेवा. लखनौतल्या मित्रांनी दर बुधवारी शाळेत जाऊन दुधाची बादली बघावी.