गिरणीतले जेवण

मुंबईच्या लोअर परळ भागातील बंद गिरण्यांच्या आवारांत रेस्टॉरंटे थाटण्याची प्रथा आता इतकी रुळली आहे की त्यात बातमी म्हणावी असे काही उरलेले नाही. तरीही अशा प्रत्येक नव्या दुकानाच्या जाहिरातीत उघड्या विटा, लोखंडी खांब आणि भिंतीवर टांगलेल्या बॉबिनी यांच्या बळावर गिरणगावाचा वारसा जपल्याचा दावा केला जातो, आणि प्रस्तुत सदराची चिडचिड त्या दाव्यापुरतीच आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी: कावसजी दावर यांनी 1854 मध्ये मुंबईतील पहिल्या सूतगिरणीची कंपनी स्थापन केली, 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, पुढे गिरण्यांच्या जमिनींच्या वाटपाचा 1991 चा नियम 2001 मध्ये बदलून शहराचा आणि कामगारांच्या घरांचा वाटा केवळ मोकळ्या जमिनीपुरता उरला, व 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. फिनिक्स, कमला, मथुरादास ही नावे त्यानंतरच्या पिढीला खाण्यापिण्याच्या ठिकाणांची म्हणूनच ठाऊक आहेत. 29 डिसेंबर 2017 रोजी कमला मिलच्या आवारातील आगीत 14 माणसे गेली, तेव्हाही बातम्यांत गच्चीवरचे पबच होते.

गिरणीच्या शेडचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असे आणि दात्यांच्या काचा लावलेल्या बाजू उत्तरेकडे ठेवल्या जात. उत्तरेचा प्रकाश दिवसभर जवळपास सारखा राहतो, ऊन थेट यंत्रावर पडत नाही आणि तुटलेला धागा चटकन दिसतो, असा त्यामागचा हिशेब होता. सुताचा एक तंतू दिसावा म्हणून बांधलेल्या अशा छपराखाली आता पिवळे मिणमिणते दिवे लावतात आणि गिऱ्हाइकाला मेनूकार्ड वाचण्यासाठी मोबाइलची बॅटरी पेटवावी लागते. आवाजाची परंपरा मात्र इमानाने चालू आहे, कारण साळखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, कामगार खुणांनी बोलत, तसेच संगीताच्या दणक्यात वेटरकडेही आज खुणेनेच पाणी मागावे लागते.

वारसा जेवणाचाच सांगायचा, तर गिरणगावाची स्वतःची एक भोजनव्यवस्था होती आणि तिचे नाव खानावळ. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून एकटे आलेले पुरुष एकाच खोलीत पाळीपाळीने झोपत, आणि त्यांच्या जेवणाचा भार चाळीतल्या बायकांवर असे; या बायका, ज्यांत कामगारांच्या पत्नी होत्या तशा विधवाही, आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत पहाटेपासून भाकऱ्या थापत, गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे पंगती उठवत आणि पैसे पगाराच्या दिवशी घेत. वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज यांच्या कात्रीत सापडलेल्या या स्त्रियांना प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले आणि नुकत्याच राष्ट्रीयीकृत झालेल्या बँकांचे दार त्यांच्यासाठी उघडून घेतले. तारण ठेवण्याजोगे काहीच नसलेल्या बाईला बँकेने कर्ज द्यावे, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. गिरण्यांच्या इतिहासात भोंगा आणि चिमणी यांना जितकी जागा मिळते, तितकी या घटनेला मिळत नाही, हे सदराचे जुने गाऱ्हाणे नियमित वाचकांनी पुन्हा सोसावे. संपात कामगार गावी परतले तसे खानावळींचे गिऱ्हाईकही पांगले.

बॉबिनी टांगणाऱ्या सजावटकारांना या खानावळीतून काही उचलायचेच असेल, तर हिशेबाची पद्धत उचलावी: कामगार गावी गेला किंवा आजारी पडला, तर न जेवलेल्या दिवसांचे खाडे महिन्याच्या रकमेतून वजा होत. आजच्या काही रेस्टॉरंटांत टेबल राखून न येणाऱ्याकडून उलट दंड घेतात.