इंटरनेट फोनचा इतिहास : यंत्राचा की दरपत्रकाचा?

इंटरनेटवरील दूरध्वनीचा इतिहास सांगताना एक ठरलेली कालरेषा पुढे केली जाते. १९७४ साली आर्पानेटवर आवाजाचे प्रयोग झाले, १९९५ साली व्होकलटेक आले, २००३ साली स्काइप. मॉडेमचा वेग वाढला, आवाज सुधारला, लोक वळले. मला ही मांडणी अपुरी वाटते. या सेवांनी काळाशी पाऊल जुळवले ते यंत्राच्या वेगामुळे कमी आणि जुन्या टेलिफोनच्या दरपत्रकामुळे अधिक, असे माझे मत आहे. हा धागा त्यासाठीच.

आधी यंत्राचे श्रेय यंत्राला देऊ. फेब्रुवारी १९९५ मध्ये इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीने 'इंटरनेट फोन' नावाचे सॉफ्टवेअर बाजारात आणले. अलोन कोहेन आणि लिओर हारामती हे कंपनीचे संस्थापक. त्यासाठी संगणक, साउंड कार्ड, मायक्रोफोन आणि मॉडेम हवा; दोन्ही टोकांना तेच सॉफ्टवेअर हवे आणि दोघेही एकाच वेळी इंटरनेटवर हजर हवेत. सुरुवातीला तर एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने थांबायचे, वॉकीटॉकीप्रमाणे.

साध्या डिजिटल टेलिफोनमध्ये एका संभाषणाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. त्या काळच्या घरगुती मॉडेमचा वेग १४.४ किंवा २८.८ किलोबिट. आवाज पिळून लहान करण्यावाचून गत्यंतर नव्हते. जी.७२३.१ या मानकाने तो ५.३ ते ६.३ किलोबिटांत बसवला. म्हणजे मूळच्या जवळजवळ एकदशांशात.

दुसरी अडचण अधिक खोल होती. इंटरनेटवर मजकूर लहान लहान पाकिटांतून जातो आणि हरवलेले पाकीट पुन्हा मागवता येते. पत्र उशिरा आले तरी वाचता येते. पण बोलण्यातला शब्द अर्ध्या सेकंदाने पोहोचला तर तो व्यर्थ. म्हणून हरवलेले सोडून द्यायचे आणि आलेली पाकिटे क्षणभर साठवून एकसारख्या लयीत वाजवायची, असा तोडगा निघाला. साठवण वाढवली की आवाज सलग येतो, पण दोघेही एकाच वेळी बोलू लागतात. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मानक सांगते. मॉडेमवर ते साधणे दुरापास्त होते.

इतके सोसून लोक का बोलत होते? मला वाटते, खरा इतिहास या प्रश्नापाशी सुरू होतो.

त्या काळी अमेरिकेतून भारतात फोन केला की अमेरिकी कंपनीला प्रत्येक मिनिटामागे भारताच्या विदेश संचार निगमला ठरलेली रक्कम चुकवावी लागे. दोन देशांमधील या हिशेबाचे दर प्रत्यक्ष खर्चाच्या कितीतरी वर ठेवलेले होते आणि तो भार अखेर ग्राहकाच्या बिलात उतरे. १९९७ साली अमेरिकेच्या एफसीसी या नियामकाने आपल्या कंपन्यांसाठी कमाल मर्यादा आखली. कमी उत्पन्नाच्या देशांसाठी ती मिनिटाला २३ सेंट होती. इंटरनेटच्या वाटेने गेलेल्या आवाजाला मात्र हा हिशेब लागूच होत नव्हता. पाकिटात ईमेल आहे की आईची हाक, हे तारेला कळत नाही.

म्हणून माझ्या मते निर्णायक वर्ष १९९५ नव्हे, १९९६. त्या वर्षी इंटरनेट आणि साधा टेलिफोन यांना जोडणारे 'गेटवे' पुढे आले. आता समोरच्याकडे संगणक असण्याची गरज उरली नाही. त्याच्या घरचा साधा फोन वाजू लागला. त्याच वर्षी न्यू जर्सीच्या आयडीटी कंपनीने नेट-टू-फोन सुरू केले. ही कंपनी आधी 'कॉलबॅक'चा व्यवसाय करीत असे: परदेशी ग्राहकाने अमेरिकेतील क्रमांकावर घंटी वाजवून फोन ठेवायचा, मग तिथले यंत्र त्याला उलट फोन करून स्वस्त अमेरिकी लाइन देई. मिस्ड कॉलची कला आपल्याला कुणी शिकवायला नको! पण इथे तिचा आंतरराष्ट्रीय उद्योग झाला होता. दरांतील तफावतीवर जगणारी कंपनीच इंटरनेट फोनकडे वळली, याला मी योगायोग मानत नाही.

प्रस्थापितांना धोका लगेच उमगला. मार्च १९९६ मध्ये अमेरिकेतील दूरपल्ल्याच्या कंपन्यांच्या 'अॅक्टा' या संघटनेने अशा सॉफ्टवेअरची विक्री थांबवावी, असा अर्ज एफसीसीकडे केला. बंदी आली नाही. २००० साली तर एटी अँड टीने नेट-टू-फोनमध्ये मोठा वाटा विकत घेतला.

आपल्याकडचे चित्र याहून बोलके आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते विदेश संचार निगमने. परदेशी दूरध्वनीची मक्तेदारीही त्याच संस्थेकडे. म्हणजे एका खिडकीवर मिनिटाला पन्नास रुपयांहून महाग आयएसडी आणि शेजारच्या खिडकीवर तिलाच निकामी करू शकणारी जोडणी! निगमने इंटरनेट टेलिफोनीची काही संकेतस्थळे रोखली. त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली गेली. १९९९ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने या सेवेला तूर्त परवानगी नाकारली.

निगमची मक्तेदारी ३१ मार्च २००२ रोजी संपली. इंटरनेट टेलिफोनी कायदेशीर झाली १ एप्रिल २००२ रोजी. त्या एका रात्रीत मॉडेममध्ये काहीही बदल झाला नव्हता.

सरकारची बाजू अगदीच पोकळ होती, असे मी म्हणणार नाही. एसटीडी-आयएसडीच्या चढ्या दरांतून स्थानिक कॉल आणि मासिक भाडे स्वस्त ठेवले जाई. पण तो भार उचलणारे सगळेच श्रीमंत नव्हते. आखातात मजुरी करणाऱ्या मुलाशी बोलण्यासाठी पिवळ्या पाटीच्या बूथमध्ये मीटरकडे डोळे लावून बसलेले कोकणातले कुटुंबही त्यात होते. आणि नवी परवानगीही अर्धीच होती: भारतातील संगणकावरून परदेशातील फोन लावता येई, देशातला नाही.

माझ्या मताला सर्वांत मोठा आक्षेप स्काइपचा. ऑगस्ट २००३ मध्ये ते आले तेव्हा दर उतरू लागले होते, तरीही ते वाढले. हे मान्य करावे लागेल. त्याचा आवाज साध्या फोनहून भरदार होता आणि वापरणाऱ्यांच्याच संगणकांचे जाळे विणल्यामुळे मध्यवर्ती यंत्रणेचा खर्च कमी होता. इथे तंत्र खरोखर पुढे होते. तरी पैसे आले ते मुख्यतः २००४ च्या 'स्काइपआउट'मधून, म्हणजे पुन्हा साध्या फोनवर स्वस्तात बोलू देण्यातून.

५ मे २०२५ रोजी स्काइप बंद झाले. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून एक विनंती करते. तुमच्या घरी २००२ च्या आगेमागची आयएसडीची बिले, कॉलिंग कार्डे किंवा सायबर कॅफेच्या दरफलकाचे छायाचित्र असेल तर रद्दीत देऊ नका. तारीख आणि गावाचे नाव मागे लिहून ठेवा, आणि जमल्यास या धाग्याखाली त्याचे छायाचित्र जोडा.