फिरवून तर बघा!

"इंजिन जाम झालंय. खोलावं लागेल." पार्किंगमध्ये आलेल्या मेकॅनिकने दोन मिनिटांत निकाल दिला आणि बाबांचा चेहरा उतरला. आमची मारुती ८०० सात-आठ महिने जागची हलली नव्हती. चावी फिरवली की नुसतं 'टक्' व्हायचं.

"आजोबा अँबेसेडरला पुढून हँडल मारायचे," बाबा सहज म्हणाले. मी म्हटलं, मग आपणही हाताने फिरवून बघू ना!

रविवारी बसलो. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, चावी खिशात, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. तिन्ही स्पार्क प्लग काढले, म्हणजे सिलिंडरमधली हवा दाबली जात नाही आणि इंजिन हलकं फिरतं. प्लगच्या भोकांत थोडं इंजिन ऑइल सोडून रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावला. इंजिन चालताना फिरतं त्याच दिशेने, हळूहळू. उलटं फिरवलं तर बोल्टच सैल व्हायचा. आणि अडलं तर जोर करायचा नाही, तिथेच थांबायचं.

आजवर आमच्याकडे अशा वेळी दादाच्या हातात पाना आणि माझ्या हातात टॉर्च असायचा. यंदा उलट झालं. पुली सरकली! पूर्ण दोन फेरे, कुठेही न अडता. म्हणजे पिस्टन, व्हॉल्व्ह सगळ्यांचं एक चक्र पूर्ण. इंजिन जाम नव्हतंच. शेवटी दोष निघाला स्टार्टरमध्ये.

सगळ्यांनी मेकॅनिक व्हा, असं मी म्हणत नाहीये. स्टार्टर आम्हीही दुसऱ्या गॅरेजमधूनच दुरुस्त करून घेतला. पहिला मेकॅनिक लबाडच होता असंही नाही, कदाचित घाईत असेल. पण आपल्या पिढीला मोबाइलपासून मिक्सरपर्यंत काहीही बिघडलं की 'देऊन टाक' एवढंच सुचतं. समोरचा म्हणेल ते खरं, सांगेल ते बिल. 'कशावरून?' हा एक प्रश्न विचारायला इंजिनीअरिंगची डिग्री लागत नाही, पण वस्तूला एकदा तरी हात लावलेला असावा लागतो.

माझ्या नखांतलं काळं ऑइल दोन दिवस गेलं नाही. कॉलेजात सगळे विचारत होते. मी प्रत्येकाला अख्खी गोष्ट सांगितली.