धरणाच्या काठाने

दिवाळीची सुटी जवळ आली म्हणजे आमच्या घरात दरवर्षी एकच वाद उभा राहतो. थोरल्या दादांस तीर्थक्षेत्र हवे असते, मुलांस डोंगर हवा असतो, आणि सुनांस एवढेच हवे असते की, चार दिवस स्वयंपाकघराचे तोंड पाहावे लागू नये. हे सगळे ज्या ठिकाणी जुळेल ते ठिकाण नकाशात सहसा सापडत नाही. आमचे कुटुंब चौदा माणसांचे. सर्वांत धाकटा नातू सहा वर्षांचा, सर्वांत वडील थोरल्या काकू, वय ७८. एवढ्या मंडळींस एकाच वेळी चालता यावे, दमल्यास बसता यावे आणि तरीही दिवस फुकट गेला असे कोणास वाटू नये, अशी जागा म्हणजे एखाद्या मोठ्या जलाशयाचा काठ, असे आमचे बऱ्याच अनुभवान्ती झालेले मत आहे. डोंगर चढावा लागतो, देवळात रांग असते, समुद्रावर ऊन असते. जलाशयाच्या काठची वाट मात्र पुष्कळशी सपाट असते, आणि पाणी सतत एका हातास दिसत राहिल्याने कोणी चुकण्याचे भय नसते. हे शेवटचे विधान आम्ही पूर्वी फार ठामपणे करीत असू. आता करीत नाही; त्याचे कारण पुढे येईलच.

गेल्या खेपेस आम्ही भंडारदऱ्यास गेलो. अकोले तालुक्यात शेंडी गावाजवळ प्रवरा नदीस बांध घालून हा जलाशय केलेला आहे. धरण १९२६ साली पुरे झाले व त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्यास मिळाले. भिंत दगडी, पायापासून सुमारे २७० फूट उंच. १९६९ साली तिला तडे जाऊन गळती लागली, तेव्हा पुढे तिला मागच्या अंगाने टेकू देऊन बळकटी आणावी लागली. परंतु आजही तिच्यापुढे उभे राहिले असता, शंभर वर्षांपूर्वी या रानात एवढा दगड कोणी वाहिला असेल, हाच विचार आधी मनात येतो. जलाशयात ११ अब्ज घनफूट पाणी मावते.

मुलांस हा आकडा सांगून काही उपयोग होत नाही, हे आम्हांस तेथेच कळले. उपयोग झाला तो साखरेचा. घाटघर-रतनवाडीच्या कड्यांवर वर्षास २०० इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो. तेथून खाली संगमनेरास यावे तो वीस इंचांचीही पंचाईत. वरचे हे पाणी कोंडून ठेवावयाचे, नदीतून खाली सोडावयाचे, ओझरच्या बंधाऱ्यापाशी डाव्या-उजव्या कालव्यांत वळवावयाचे आणि कोरड्या रानास पाजावयाचे, असा हा सारा खटाटोप आहे. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, आणि त्या उसावर १९५० साली लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. “म्हणजे आपल्या चहात हे धरण असतं?” असे आमच्या नातीने विचारले. असेलही, असे आम्ही सांगितले. दादांचे समाधान निराळ्या मार्गाने झाले. ज्या प्रवरेच्या तीरी नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तीच ही प्रवरा, रतनगडाच्या कुशीतून नुकती निघालेली. हे ध्यानात येताच त्यांनी तीर्थक्षेत्राचा हट्ट सोडला व धरणाखालच्या पाण्याने डोळ्यांस हात लावला.

आता चालण्याविषयी. जलाशयास पुरी प्रदक्षिणा घालण्याच्या भरीस कुटुंबवत्सल माणसाने पडू नये. रस्त्याने हा फेरा ४० किलोमीटरांहून अधिक भरतो. तो मोटारीचा फेरा आहे, पायांचा नव्हे. त्यातील लहान लहान तुकडे निवडावे. पहिल्या दिवशी शेंडीतून धरणाच्या पायथ्याची बाग व तेथला छत्रीसारखा धबधबा एवढेच पुरे. धरणातून सोडलेले पाणी एका गोल खडकावरून चहूकडे पसरत पडते, त्यावरून त्यास हे नाव. पाणी सोडलेले नसेल तर तेथे नुसता खडकच पाहावा लागतो, हे आधी विचारून घ्यावे. मात्र पाणी नसताना नदीच्या पात्रात उतरण्याचा मोह धरू नये. धरणाचे दार उघडण्याची वेळ खाली उतरलेल्या मंडळींस विचारून ठरत नसते.

दुसरी जागा रतनवाडीची. तेथवर मोटारीने जावे, किंवा पाणी भरपूर असेल तर होडीने. अमृतेश्वराचे शिवालय पाहण्यास आम्ही दोन तास ठेवले होते, ते अपुरे पडले. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांजवळ जी बारा शिवालये उभारली असे परंपरा सांगते, त्यांत याची गणना होते. शिखर अद्याप बहुतेक शाबूत असून त्यावरील नक्षी खालपासून वरपर्यंत एखाद्या पैठणीच्या काठाप्रमाणे चढत जाते. जवळच पायऱ्या-पायऱ्यांची पुष्करिणी आहे, तिच्या भिंतींतील कोनाड्यांतून मूर्ती आहेत. काकू तिच्या काठावर बसल्या त्या उठावयास तयार होईनात. “इथे मला कोणी पुढे चला म्हणत नाही,” असे त्या म्हणाल्या. हे वाक्य आम्ही हसण्यावारी नेले. ते तसे न्यावयास नको होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेंडीहून मुरशेताकडे जाणाऱ्या रस्त्याने पायी निघालो. भात कापणीस आले होते. एका बाजूस खाचरे, झाडांच्या फटींतून दुसऱ्या बाजूस पाणी आणि त्यापलीकडे डोंगरांची रांग. तरुण मंडळी गप्पा मारीत पुढे गेली. आम्ही व दादा राजकारण बोलत मध्ये. काकू व सुना मागे. पाऊण तासाने एका वळणावर सर्व एकत्र झालो, तेव्हा धाकटा नातू नव्हता. पुढच्यांस वाटले तो मागे आहे, मागच्यांस वाटले तो पुढे आहे. आमच्या हातात तर त्याची पाण्याची बाटली होती, आणि तरीही तो आमच्याबरोबर नाही हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

पुढची पंचवीस मिनिटे आम्ही येथे विस्ताराने लिहीत नाही. त्याची आई एक शब्द बोलली नाही. ती रस्त्याच्या कडेने मागे धावत सुटली, पण उजवीकडे पाहीना. आमच्यापैकी कोणासच पाण्याकडे पाहण्याचे धैर्य होत नव्हते. तोपर्यंत जे पाणी आम्ही कौतुकाने मुलांस दाखवीत होतो, ते इतके जवळ व इतके खोल आहे, हे जणू आम्हांस प्रथमच दिसले.

नातू सापडला तो रस्त्याच्या डाव्या अंगास, चढावरच्या एका घराच्या ओट्यावर. एका कोंबडीच्या पिलांमागे तो वर गेला होता. घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी त्यास ओट्यावर बसवून नागलीची भाकरी व चटणी दिली होती, आणि स्वतः त्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या, कोणी शोधत येते का ते पाहत. आम्ही आभार मानू लागलो, तो त्यांनी मध्येच विचारले, “तुमच्यात मागं कोन चालतंय?” आम्हांस प्रश्न कळेना. त्यांनी पुन्हा सांगितले: बाजाराला निघाले की घरातले एक शहाणे माणूस सगळ्यांच्या मागे चालते, त्याच्या मागे कोणी राहत नाही. “तुमच्यात समदेच म्होरं.”

आमच्याजवळ यास उत्तर नव्हते. आमच्या घरात पुढे चालणाऱ्याचा मान मोठा. मागे राहणाऱ्याची केवळ वाट पाहिली जाते, आणि तीही चेहऱ्यावर दाखवून.

तेवढ्यात काकू काठी टेकीत वर आल्या. ज्या काकूंनी बाहेरच्या पाण्याचा घोट घ्यावयास उभा जन्म घालवला, त्या नातवाशेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, “बाई, मलाही चतकोर द्या.” दादांनी घसा साफ केला, काकूंनी तिकडे पाहिलेही नाही. दोघी म्हाताऱ्या बराच वेळ बोलत बसल्या. समोर पाण्याचा एक फाटा दिसत होता. तिकडे हात करून बाई म्हणाल्या, “आमच्या आजेसासऱ्याचं खाचर त्या पान्याखाली हाय. आन चैत लागला की हंडा आमच्याच डोक्यावर.” हे त्यांनी गाऱ्हाणे म्हणून सांगितले नाही, काकूंनी घर कोणते, शेत किती असे विचारले, त्याचे ते उत्तर होते. आदल्या दिवशी आम्ही मुलांस साखरेची गोष्ट सांगितली होती, तिचा हा भाग आम्ही सांगितला नव्हता. नात तेथेच बसली होती. तिने आमच्याकडे पाहिले. काही विचारले नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन गोष्टी बदलल्या. सहलीस निघण्यापूर्वी सुनांनी मध्यरात्रीपर्यंत पुऱ्या तळावयाच्या आणि मग काठावर बसून डब्यांची राखण करावयाची, ही रीत बंद केली. जाऊ तेथल्या गावात एखाद्या घरी आधी सांगून पिठले-भाकरी व भात करवून घेतो. चार पैसे तेथे राहतात व सुनांस दोन मैल मोकळ्या हातांनी चालावयास मिळते. दुसरी गोष्ट म्हणजे, काकू आता पदसिद्ध शेवटच्या. त्यांच्यासोबत तरुणांपैकी एकजण पाळीने असतो. काकूंच्या मागे कोणी राहावयाचे नाही व त्यांच्या नजरेपलीकडे कोणी जावयाचे नाही, एवढाच नियम. चाल त्यामुळे निम्म्यावर आली. जेथे पूर्वी तीन मैल होत तेथे दीड होतो, आणि आश्चर्य असे की पाहिलेले अधिक आठवते.

मेअखेरीस, पाऊस तोंडावर आला असता, आम्ही तेथे पुन्हा एकदा गेलो, ते काजवे पाहण्यास. त्या पंधरा-वीस दिवसांत येथली झाडेच्या झाडे एका तालात पेटतात व विझतात. हा सारा मुलूख १९८६ पासून अभयारण्य आहे. काजव्याचा उजेड म्हणजे नर-मादीचे एकमेकांस बोलावणे; त्यात मोटारींचे दिवे व हातातल्या विजेऱ्या पडल्या की ते बोलावणे पोहोचत नाही. हे ठाऊक असूनही गर्दी विजेऱ्या घेऊनच येते. आम्ही गर्दीपासून दूर, रस्त्याच्या कडेस सतरंजी टाकून, सर्व दिवे बंद करून बसलो. पहिली दहा मिनिटे काहीच दिसले नाही व मुलांनी कुरकूर केली. मग एका झाडाच्या शेंड्यावर दोन ठिपके, मग खालच्या फांदीवर, आणि बघता बघता पुरे झाड.

अंधारात डोकी मोजता येईनात. तेव्हा काकूंनी एकेकाचे नाव घेऊन हाक मारण्यास सुरुवात केली. दादांपासून धाकट्यापर्यंत सर्वांनी क्रमाने ओ दिली. तेरा आवाज झाले, तेव्हा त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली व झाडाकडे पाहू लागल्या.